अफेक्ट की इफेक्ट? पुण्यात नव्याने इंग्रजीतून लिहायला लागलेल्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात आलेल्या मुलामुलींचं इंग्रजी बोलणं काही महिन्यांत सुटतं. रूमवर, कँटीनमध्ये, बसमध्ये कानावर पडत राहतं आणि तोंड उघडतं. लिहिणं मात्र अडतं. मेल लिहिताना, रजेचा अर्ज करताना, स्पर्धा परीक्षेचा पेपर सोडवताना हात हमखास थबकतो तो दोन शब्दांपाशी. एक अफेक्ट, म्हणजे ए-डबल एफ-ई-सी-टी. दुसरा इफेक्ट, म्हणजे ई-डबल एफ-ई-सी-टी. पहिलं अक्षर झाकलं तर दोन्ही एकच. भरभर बोलताना ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्या तोंडीही पहिला स्वर इतका पुसट होतो की कानाला फरक कळत नाही. त्यामुळे "नीट ऐक, म्हणजे कळेल" हा सल्ला इथे कामाचा नाही.

मी याच वाटेने आलो. आता ऑफिसात नवीन रुजू झालेल्यांचे मसुदे बाहेर जाण्याआधी माझ्याकडे वाचायला येतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: हा गोंधळ अभ्यास कमी पडल्यामुळे होत नाही, हुशार मुलांचाही होतो. त्याचं मूळ आपल्या मराठीत आहे. 'पावसाचा परिणाम' म्हणताना परिणाम हे नाम. 'पावसाने वाहतुकीवर परिणाम केला' म्हणताना त्याच नामाला 'करणे' जोडलं की झालं क्रियापद. आपलं एका शब्दात भागतं, इंग्रजीला मात्र त्यासाठी दोन लागतात. म्हणून शब्दकोश उघडला की दोन्हींपुढे 'परिणाम' दिसतं आणि माणूस होता तिथेच राहतो. भाषांतराच्या ॲपवरही तेच.

त्यात आणखी एक भर. इफेक्ट हा शब्द आपण मराठीत कधीच घेतला आहे. 'गोळीचा इफेक्ट होतोय', 'साइड इफेक्ट आहेत का डॉक्टर?' हे घरात आजीही म्हणते. अफेक्ट तितका रुळलेला नाही. मग लिहिताना हात ओळखीच्या शब्दाकडे जातो. माझ्या पाहण्यात बहुतेक चुका एकाच बाजूच्या असतात, अफेक्ट हवं तिथे इफेक्ट. उलटी चूक कमी दिसते.

जवळ काय ठेवायचं

• तुम्ही स्वतः लिहिलेले जुने मेल, अर्ज किंवा उत्तरं. तयार नमुना वाक्यांपेक्षा हे जास्त उपयोगी, कारण आपली सवय त्यात दिसते.
• एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. यात प्रत्येक अर्थापुढे नाम की क्रियापद ते लिहिलेलं असतं आणि वापराची वाक्यं असतात. अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रती मिळतात. या कामाला जुनी आवृत्ती चालते. फोनवर फुकट मिळणारा चांगला शब्दकोशही चालेल.
• एखादं इंग्रजी वर्तमानपत्र. शहराच्या बातम्यांचं पान पुरे.
• वही. फोनमधल्या नोट्स नकोत, हाताने लिहिलेलं स्पेलिंग जास्त टिकतं.

१. आधी वाक्य मराठीत म्हणा

इंग्रजी वाक्य सुरू करण्याआधी तेच मनात मराठीत म्हणा आणि बघा, परिणाम इथे वस्तू आहे की काम. 'औषधाचा परिणाम दोन तासांनी दिसला' यात परिणाम ही दिसणारी, मोजता येणारी वस्तू आहे. ती चांगली असते, वाईट असते, थोडी असते, जास्त असते. अशा ठिकाणी इफेक्ट. 'आवाजाने माझ्या अभ्यासावर परिणाम केला' यात आवाज काहीतरी करतोय. तिथे अफेक्ट.

अडचण येते ती 'परिणाम झाला' म्हटल्यावर, कारण ते दोन्हीकडे जातं. 'वाहतुकीवर परिणाम झाला' याचं इंग्रजी "ट्रॅफिक वॉज अफेक्टेड" असं होतं आणि "देअर वॉज ॲन इफेक्ट ऑन ट्रॅफिक" असंही होतं. दोन्ही बरोबर. "ट्रॅफिक वॉज इफेक्टेड" मात्र चूक.

शंका राहिली तर शब्द बदलून बघा. त्या जागी 'रिझल्ट' टाकून वाक्याची रचना टिकली, तर इफेक्ट. 'डिस्टर्ब' टाकून टिकली, तर अफेक्ट. डिस्टर्ब हा शब्द मी मुद्दाम घेतो, कारण तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे आणि इंग्रजीत तो फक्त क्रियापद आहे. "द नॉइज डिस्टर्ब्ड माय स्टडीज" जमतं, म्हणून "द नॉइज अफेक्टेड माय स्टडीज". अर्थ तंतोतंत जुळला नाही तरी हरकत नाही, वाक्य व्याकरणात बसतं का एवढंच पाहायचं.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण: एबीसीडीत ए आधी, ई नंतर. आधी कृती होते, मग तिचं फळ दिसतं. कृती अफेक्ट, फळ इफेक्ट. इंग्रजी शाळांत यासाठी 'रेव्हन' हा शब्द शिकवतात: आर म्हणजे रिमेंबर, ए म्हणजे अफेक्ट, व्ही म्हणजे व्हर्ब, ई म्हणजे इफेक्ट, एन म्हणजे नाउन. परीक्षेच्या हॉलमध्ये घाईत असताना यातली जी आठवेल ती वापरा.

२. मागचा शब्द बघा

पहिल्या पायरीत उत्तर मिळालं तरी ही दुसरी करा. फार वेळ लागत नाही.

मागे ॲन, द, धिस, नो, एनी, इट्स, माय यांपैकी काही असेल, किंवा गुड, बॅड, सीरियस, लाँग-टर्म असं विशेषण असेल, तर इफेक्ट. मागे विल, मे, कॅन, कुड, डझन्ट, डिडन्ट असेल, तर अफेक्ट. रजेच्या अर्जात "धिस विल नॉट…" इतकं लिहून झालं की पुढे "अफेक्ट माय वर्क" हेच येणार, कारण 'विल नॉट'च्या पुढे इंग्रजीला क्रियापद लागतं.

सरकारी आणि ऑफिसच्या पत्रांत एक जोडी वारंवार येते: ॲडव्हर्स आणि ॲडव्हर्सली, म्हणजे प्रतिकूल आणि प्रतिकूलपणे. शेवटी एल-वाय लागलं की पुढे अफेक्ट, नसलं की इफेक्ट. "ॲडव्हर्सली अफेक्ट", पण "ॲडव्हर्स इफेक्ट". सीरियसली-सीरियस, डायरेक्टली-डायरेक्ट, सगळ्यांना हाच न्याय.

शेवटच्या एस कडेही बघा. मराठी मनाला एस दिसला की अनेकवचन वाटतं. "इफेक्ट्स" हे खरंच अनेकवचन आहे, म्हणजे अनेक परिणाम. "अफेक्ट्स" हे तसं नाही. तिथला एस 'ही, शी, इट' बरोबर येणारा क्रियापदाचा एस आहे. "द नॉइज अफेक्ट्स अस" यात आवाज एकच आहे.

३. 'वर' चा सापळा

माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. म्हणून इथे जरा थांबू या.

मराठीत परिणाम नेहमी कशावर तरी होतो. वाहतुकीवर, तब्येतीवर, निकालावर. हा 'वर' आपल्या जिभेवर इतका बसलेला आहे की इंग्रजी लिहितानाही तो 'ऑन' होऊन उतरतो. मग कागदावर येतं: "द रेन अफेक्टेड ऑन ट्रॅफिक." हे चूक आहे. अफेक्ट या शब्दाच्या अर्थातच 'वर' सामावलेला आहे, त्याला वेगळा ऑन लागत नाही. "द रेन अफेक्टेड ट्रॅफिक", बास. इफेक्ट हे नाम असल्यामुळे त्याला पुढच्या शब्दाशी जोडायला ऑन लागतो: "द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन ट्रॅफिक."

यातून कामाची खूण मिळते. पुढे ऑन आहे आणि तो 'वर' या अर्थाचा आहे, तर इफेक्ट. पुढे थेट ज्याच्यावर परिणाम होतो तो शब्द आहे, तर अफेक्ट.

आता 'वर या अर्थाचा' असं का म्हटलं ते पुण्याच्याच उदाहरणाने सांगतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, ही महापालिकेची सूचना इथे राहायला आल्यावर लवकरच ओळखीची होते. जलकेंद्राचं नाव, खाली भागांची यादी. हीच सूचना इंग्रजी पेपरात वाचा. तिथे असं वाक्य भेटेल: "वॉटर सप्लाय विल बी अफेक्टेड ऑन थर्सडे." अफेक्टेड आणि लगेच पुढे ऑन! नुकताच नियम शिकलेला माणूस इथे गडबडतो. पण हा ऑन गुरुवारचा आहे. तो 'कधी?' या प्रश्नाचं उत्तर देतो, 'कशावर?' याचं नाही. परिणाम कशावर झाला ते सुरुवातीलाच आलं आहे: पाणीपुरवठ्यावर. तेच वाक्य फिरवून लिहिलं तर आणखी स्पष्ट होतं: "द रिपेअर वर्क विल अफेक्ट वॉटर सप्लाय ऑन थर्सडे." अफेक्ट आणि वॉटर सप्लाय यांच्यामध्ये काही नाही, ऑन शेवटी वारापाशी आहे.

म्हणून ऑन दिसला की विचारायचं: कधी, की कशावर? 'कशावर' असेल तरच तो इफेक्टचा.

४. ग्रस्त आणि बाधित

ही पायरी छोटी आहे, पण स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी ती नक्की करावी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांना प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त हे शब्द आरक्षणाच्या तक्त्यातून पाठ असतात. प्रकल्पग्रस्ताला इंग्रजीत "प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन" म्हणतात, पीएपी हे त्याचंच छोटं रूप. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरचे भूकंपग्रस्त म्हणजे "अर्थक्वेक-अफेक्टेड". १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. त्यानंतर ज्यांच्यासाठी शहरात नव्या वसाहती उभ्या राहिल्या ते पूरग्रस्त म्हणजे "फ्लड-अफेक्टेड".

मराठीत आपत्तीच्या नावाला ग्रस्त किंवा बाधित लागलं असेल, तर इंग्रजीत अफेक्टेड. इफेक्टेड कधीच नाही. ज्याला झळ पोचली नाही तो "अनअफेक्टेड". ग्रस्त लागलेला प्रत्येक शब्द अफेक्टेडने सांगता येईल असं मात्र नाही. व्यसनग्रस्ताला इंग्रजीत वेगळा शब्द आहे.

५. ठरलेले प्रयोग

यांत विचार करायचा नाही, पाठ करायचे. सगळ्यांत इफेक्टच आहे.

• विथ इफेक्ट फ्रॉम: अमुक तारखेपासून लागू. आदेशात आणि नेमणुकीच्या पत्रात डब्ल्यू-ई-एफ असं लिहिलेलं असतं ते हेच.
• टेक इफेक्ट, कम इन्टू इफेक्ट: अंमलात येणे.
• टू धिस इफेक्ट: अशा आशयाचं. "अ लेटर टू धिस इफेक्ट" म्हणजे अशा आशयाचं पत्र.
• साइड इफेक्ट: दुष्परिणाम.
• पर्सनल इफेक्ट्स: माणसाच्या अंगावरच्या, जवळच्या चीजवस्तू. विम्याच्या कागदांत भेटतो आणि पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. इथे परिणामाचा काही संबंध नाही.

६. इफेक्ट जेव्हा क्रियापद होतो

इथवरच्या पायऱ्यांत अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम असं धरलं. बहुतेक लिखाणाला ते पुरतं. पण बँक, विमा, सरकारी आस्थापना आणि करारांच्या भाषेत इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ 'परिणाम करणे' नसतो. अर्थ असतो घडवून आणणे, पार पाडणे.

बदल्यांचं उदाहरण घ्या. "द न्यू रूल अफेक्टेड द ट्रान्सफर्स": नव्या नियमाचा बदल्यांवर परिणाम झाला, काही रखडल्या असतील, काही फिरल्या असतील. "द डिपार्टमेंट इफेक्टेड द ट्रान्सफर्स": विभागाने बदल्या केल्या. एका अक्षराने अर्थ पार बदलला.

पैशांच्या बाबतीत तर तो उलटाच होतो. "पेमेंट हॅज बीन इफेक्टेड" म्हणजे पैसे दिले गेले, काम संपलं. "पेमेंट हॅज बीन अफेक्टेड" म्हणजे पैसे देण्यात काहीतरी अडचण आली. माल पुरवणारा माणूस तुमच्या मेलची वाट बघत बसलेला असताना यातलं कोणतं लिहिलं, याने त्याचा पुढचा आठवडा ठरतो. ही जोडी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हे दोन अर्थ कुठून आले ते कळलं की विसरत नाही. दोन्ही शब्द लॅटिनमधून आले आणि दोन्हींच्या पोटात एकच धातू आहे, 'फाकेरे', म्हणजे करणे. अफेक्टच्या आधी 'ॲड' हा उपसर्ग होता, त्याचा अर्थ 'कडे'. इफेक्टच्या आधी 'एक्स' होता, त्याचा अर्थ 'बाहेर'. एकात कोणाकडे तरी वळून काही करणं आहे, दुसऱ्यात करून बाहेर आणणं. घडवून आणणे हा अर्थ त्या 'बाहेर'मधूनच आला.

माझा सल्ला: हा वापर वाचताना ओळखा, लिहिताना टाळा. "पेमेंट हॅज बीन मेड" लिहा, "ट्रान्सफर्स वेअर कॅरीड आउट" लिहा. वाचणाऱ्याला शंका राहत नाही. मात्र तुमच्या खात्याच्या ठरलेल्या नमुन्यात इफेक्टेड छापलेलं असेल तर ते चूक समजून खोडू नका.

अफेक्टही एका ठिकाणी नाम होतो. मानसशास्त्रात त्याचा अर्थ माणसाच्या भावनेचं बाहेर दिसणारं रूप, आणि तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर येतो, उच्चार ॲफेक्ट असा होतो. केस पेपरवर "फ्लॅट ॲफेक्ट" लिहिलेलं असेल तर रुग्णाच्या चेहऱ्यावर, आवाजात भावना जवळजवळ उमटत नाहीत असं डॉक्टरांना म्हणायचं असतं. मानसशास्त्र किंवा नर्सिंग शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

७. पाठवण्याआधी शोधा

स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवर इथे विसंबू नका. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे चुकीच्या जागी बसलेल्या शब्दाखाली लाल रेघ बहुतेक वेळा येत नाही.

त्याऐवजी कंट्रोल आणि एफ दाबा, शोधायच्या चौकटीत एफ-एफ-ई-सी-टी एवढीच अक्षरं टाका. पहिलं अक्षर मुद्दाम सोडायचं. असं केलं की दोन्ही शब्द सापडतात, शिवाय अफेक्टेड, इफेक्टिव्ह वगैरेही. प्रत्येकापाशी थांबून मागचा शब्द, पुढचा शब्द बघा. दोन पानांच्या अहवालाला दोन-तीन मिनिटं लागतात. फोनवरून मेल पाठवत असाल तर कीबोर्डने सुचवलेला शब्द न वाचता स्वीकारू नका.

काही जण या सगळ्यातून सुटायला सरसकट 'इम्पॅक्ट' लिहितात, कारण तो नामही होतो आणि क्रियापदही. ऑफिसात खपून जातं. पण 'इम्पॅक्ट' क्रियापद म्हणून वापरलेला न आवडणारे वाचक बरेच आहेत, आणि परीक्षेत गाळलेली जागा अफेक्ट-इफेक्टचीच असते, तिथे ही पळवाट नाही. दोन्ही शब्द आपलेसे करून घेणं जास्त चांगलं.

८. सराव

रोज शहराच्या पानावरची एक बातमी घ्या. त्यात यांपैकी एखादा शब्द सापडला की वाक्य वहीत उतरवा आणि शेजारी मराठीत लिहा: वस्तू की काम, मागे काय, पुढे काय. आठवड्याने आपले जुने मेल काढून त्याच नजरेने वाचा.

सुरुवातीला ही पाच वाक्यं. रिकाम्या जागी काय येईल ते आधी स्वतः ठरवा.

अ. मेट्रोच्या कामामुळे बसच्या वेळांवर परिणाम होईल: "मेट्रो वर्क विल ___ बस टायमिंग्ज."
आ. नवे दर १ एप्रिलपासून लागू: "द न्यू रेट्स टेक ___ फ्रॉम १ एप्रिल."
इ. उन्हाचा पिकांवर गंभीर परिणाम झाला: "द हीट हॅड अ सीरियस ___ ऑन क्रॉप्स."
ई. संपाचा गंभीर परिणाम सेवेवर झाला: "द स्ट्राइक सीरियसली ___ द सर्व्हिस."
उ. बँकेने काल रक्कम अदा केली: "द बँक ___ द पेमेंट यस्टरडे."

उत्तरं: अ. अफेक्ट, मागे विल आहे. आ. इफेक्ट, ठरलेला प्रयोग. इ. इफेक्ट, मागे विशेषण आणि पुढे 'कशावर'चा ऑन. ई. अफेक्टेड, मागे एल-वाय. उ. इफेक्टेड, कारण इथे परिणाम नाही, पैसे पोचते केले आहेत. पाचवं चुकलं असेल तर सहावी पायरी पुन्हा वाचा. दुसरं चुकलं असेल तर पाचवी. पहिलं, तिसरं किंवा चौथं चुकलं असेल तर दुसरी आणि तिसरी.